जुन्या ‘एमजीबी’ला नवी इंधनप्रणाली

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची ‘एमजीबी’ बाहेर पडली. १९६२ पासून तोवर या दोन आसनी, छोटेखानी स्पोर्ट्स कारच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या संख्येने बनलेली स्पोर्ट्स कार त्या काळी विरळाच. त्यांतील हजारो गाड्या आजही ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत रस्त्यावर आहेत. भारतात २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या ‘एमजी’ मोटारींशी या गाडीचे नावापलीकडे फारसे नाते नाही. मात्र तिच्या इंजिनाचे भारताशी जवळचे नाते आहे. एमजीबीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ या घराण्यातले, आणि १९५९ पासून हिंदुस्थान मोटर्सच्या ‘ॲम्बेसेडर’मध्ये बसविलेले १४८९ घनसेंटीमीटरचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. ज्यांनी ॲम्बेसेडरचे बॉनेट उघडून पाहिले आहे, त्यांना एमजीबीचे इंजिन अनोळखी वाटणार नाही.

या गाड्या जपणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. इंजिन मजबूत आहे, सुटे भाग मिळतात, पण कार्ब्युरेटरचे तंत्र आजच्या पेट्रोलशी आणि आजच्या रहदारीशी जमवून घेताना कुरकुरते. अशा वेळी कार्ब्युरेटर काढून त्याजागी संगणकनियंत्रित फ्युएल इंजेक्शन बसवावे काय? अनेकांनी ते केले आहे. मात्र या इंजिनाच्या रचनेतच एक पेच दडलेला आहे. तो समजून न घेता काम केल्यास पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

इंजिनाची घडण

एमजीबीचे इंजिन चार सिलिंडरचे, १७९८ घनसेंटीमीटर क्षमतेचे. सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ८८.९ मिलिमीटर. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या कुशीत असते आणि पुशरॉडच्या मदतीने व्हॉल्व्ह उघडते. सुरुवातीच्या गाड्यांत हे इंजिन मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर ९५ अश्वशक्ती देत असे. क्रँकशाफ्टला प्रथम तीन बेअरिंगांचा आधार होता, १९६४ पासून तो पाच बेअरिंगांचा झाला.

बिडाच्या सिलिंडर हेडची रचना जुन्या ब्रिटिश काटकसरीची आहे. चार सिलिंडरांना हवा घेण्यासाठी चार नव्हे, तर दोनच इनलेट पोर्ट आहेत. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका पोर्टमधून श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या पोर्टमधून. धूर बाहेर टाकण्यासाठी तीन पोर्ट आहेत: पहिल्याचा स्वतंत्र, चौथ्याचा स्वतंत्र आणि मधल्या दोघांचा सामाईक. हे पाचही पोर्ट हेडच्या एकाच बाजूला आहेत. त्यामुळे कार्ब्युरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसतात आणि दोहोंमध्ये पत्र्याची एक उष्णतारोधक ढाल असते.

कार्ब्युरेटर काय करीत असे

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण लागते. पूर्ण ताकद हवी असल्यास पेट्रोल थोडे जास्त, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग, असे ‘रिच’ मिश्रण लागते. पेट्रोल कमी पडले की मिश्रण ‘लीन’ होते. भरपूर भार असताना मिश्रण लीन झाले तर ज्वलन बिघडते, तापमान वाढते, ठोके पडू लागतात आणि शेवटी पिस्टनचा माथा जळतो.

एमजीबीवर प्रारंभी ‘एसयू’ जातीचे दीड इंची दोन कार्ब्युरेटर होते. ‘एसयू’ म्हणजे स्किनर्स युनियन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्किनर बंधूंनी त्याची कल्पना मांडली. त्याची युक्ती साधी आणि मोठी चतुर आहे. हवेच्या वाटेत एक वजनदार पिस्टन तरंगत असतो. हवा जास्त येऊ लागली की तो वर उचलला जातो. त्याच्या बुडाशी निमुळती सुई असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोलला अधिक जागा मिळते. म्हणजे हवेच्या मापाने पेट्रोलचे माप आपोआप ठरते.

मात्र या यंत्राला फक्त हवेचा प्रवाह समजतो. हवा थंड आहे की उष्ण, गाडी समुद्रसपाटीवर आहे की डोंगरावर, इंजिन गार आहे की तापलेले, यांपैकी काहीही त्याला कळत नाही. थंडीत चालकाने चोक ओढायचा आणि वेळेवर तो परत ढकलायचा, ही जबाबदारी माणसाची. उन्हात गाडी बंद करून ठेवल्यास एक्झॉस्टच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळते आणि गाडी लवकर चालू होत नाही. सुई आणि जेट झिजले की मिश्रण बिघडते आणि दोन कार्ब्युरेटरांची जुळणी पुन्हापुन्हा करावी लागते.

आजच्या पेट्रोलने त्यात भर घातली आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल प्रमाण इंधन झाले. भारतात वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी असलेले १४.७ हे प्रमाण दहा टक्के मिश्रणात १४.१ वर आणि वीस टक्के मिश्रणात साडेतेराच्या आसपास येते. तितकीच हवा आत घेणाऱ्या इंजिनाला वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल सुमारे आठ टक्के जास्त द्यावे लागते. जुन्या पेट्रोलसाठी घासून बसविलेली सुई ते देऊ शकत नाही. मिश्रण त्या मानाने लीन होते.

इंजेक्शनचा प्रवास

पेट्रोल दाबाने फवारण्याची कल्पना नवी नाही. मर्सिडीज-बेंझची १९५४ सालची ‘३०० एसएल’ ही यांत्रिक इंजेक्शनची गाडी प्रसिद्धच आहे. पूर्णपणे विजेवर चालणारे इंजेक्शन अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास बाजारात आणण्याचा प्रयत्न केला, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांना इंजिनाची उष्णता आणि हादरे सोसवले नाहीत. जर्मनीच्या बॉश कंपनीने पुढे ‘डी-जेट्रॉनिक’ ही यशस्वी प्रणाली तयार केली आणि १९६७ मध्ये ती फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आली. अमेरिकेतील प्रदूषणाचे नियम हे तिच्या मागचे मोठे कारण होते. १९७६ मध्ये धुरातील प्राणवायू मोजणारा ‘लॅम्डा’ सेन्सर आला आणि १९७९ मध्ये इंधन व इग्निशन या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे गेले.

एमजीबीच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. अमेरिकी नियम पाळण्यासाठी तेथील गाड्यांवर १९७५ पासून दोन एसयूंऐवजी झेनिथ-स्ट्रॉमबर्गचा एकच कार्ब्युरेटर बसविण्यात आला आणि इंजिनाची ताकद घटली. कारखान्याने इंजेक्शन दिले ते थेट १९९२ मध्ये, एमजीबीच्याच बांध्यावर घडविलेल्या ‘एमजी आरव्ही-८’ या गाडीला. पण तिचे इंजिन निराळे, रोव्हरचे आठ सिलिंडरी होते. भारतातही इ. स. २००० पासून कडक होत गेलेल्या उत्सर्जन मानकांनी मोटारींमधून आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ ने दुचाकींमधूनही कार्ब्युरेटर बहुतांशी हद्दपार केला.

संगणक पेट्रोल कसे मोजतो

इंजेक्टर ही विजेने उघडणारी बारीक तोटी आहे. तिच्यामागे पेट्रोल ठरावीक दाबाने उभे असते. तोटी किती मिलिसेकंद उघडी ठेवायची एवढेच संगणकाने ठरवायचे असते, कारण दाब स्थिर असल्यास पेट्रोलचे माप वेळेवरच अवलंबून राहते.

जुन्या गाडीसाठी बहुधा हवेचा दाब आणि इंजिनाची गती यांवरून हिशेब करण्याची पद्धत निवडतात. मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचे तापमान कळले की सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा मावू शकते हे काढता येते. इंजिन प्रत्यक्षात त्यातली किती हवा ओढते, याचा तक्ता संगणकाच्या स्मृतीत असतो. एमजीबीचा एक सिलिंडर सुमारे ४५० घनसेंटीमीटरचा. पूर्ण थ्रॉटलला तो आपल्या क्षमतेच्या ऐंशी टक्के भरतो असे धरल्यास एका खेपेला साधारण ०.४२ ग्रॅम हवा आत येते आणि तिच्यासाठी सुमारे ३३ मिलिग्रॅम पेट्रोल लागते. म्हणजे एका थेंबाएवढे.

यासाठी काही सेन्सर बसवावे लागतात: मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, रेडिएटरच्या पाण्याचे तापमान, थ्रॉटलची स्थिती आणि क्रँकशाफ्टची स्थिती. शेवटच्या कामासाठी पुढच्या पुलीवर छत्तीस दात्यांच्या जागा असलेले चक्र बसवितात आणि त्यातला एक दाता गाळलेला असतो. प्रत्येक दाता दहा अंशांचा. गाळलेला दाता समोरून गेला की क्रँकशाफ्ट नेमके कोठे आहे हे संगणकाला कळते. ५४०० फेऱ्यांवर अशा खुणा सेकंदाला तीन हजारांहून अधिक वेळा मोजल्या जातात. धुराच्या नळीत बसविलेला लॅम्डा सेन्सर ज्वलन कसे झाले याची खबर परत देतो.

२००१ च्या सुमारास अमेरिकेतील ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ हा हौशी लोकांनी स्वतः जोडायचा इंजेक्शन संगणक प्रसिद्ध केला. तोवर असे संगणक शर्यतीच्या गाड्यांसाठी आणि महागडे असत. मेगास्क्वर्टमुळे जुन्या गाड्यांचे हे काम घरगुती गॅरेजच्या आवाक्यात आले.

सामाईक पोर्टचा पेच

आता मूळ अडचणीकडे वळू. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरने हवा ओढल्यानंतर लगेच, क्रँकशाफ्टच्या १८० अंशांनी, पहिला सिलिंडर हवा ओढतो. हे दोघे एकाच पोर्टवरचे शेजारी. त्यानंतर तो पोर्ट साधारण ३६० अंश रिकामा असतो आणि पुन्हा दुसऱ्याची पाळी येते. दुसऱ्या पोर्टवर तिसरा आधी, चौथा नंतर. थोडक्यात, दोन्ही पोर्टांवर मधला सिलिंडर आधी श्वास घेतो आणि कडेचा त्याच्या पाठोपाठ.

कार्ब्युरेटरच्या काळात याने फारसे बिघडत नसे, कारण पेट्रोल हवेबरोबरच पोर्टमध्ये शिरत असे. जो हवा ओढेल त्याला तिच्याबरोबरचे पेट्रोल मिळे. आधुनिक गाडीत इंजेक्टर इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी असतो आणि व्हॉल्व्ह बंद असतानाही फवारा मारून ठेवतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोर्ट असल्याने ते पेट्रोल दुसऱ्या कोणाकडे जात नाही. एमजीबीच्या पोर्टमध्ये असाच फवारा मारला तर रिकाम्या वेळात साचलेले बहुतेक पेट्रोल आधी येणारा मधला सिलिंडर उचलतो. मागून येणाऱ्या कडेच्या सिलिंडरला हवा भरपूर मिळते, पण पेट्रोल थोडे.

यातला खरा धोका असा की तो दिसत नाही. लॅम्डा सेन्सर चारही सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर बसविलेला असतो. दोन सिलिंडर रिच आणि दोन लीन असले तरी त्याला सरासरी ठीकच दिसते. संगणक समाधानी, चालक समाधानी, आणि पहिला व चौथा सिलिंडर मात्र पूर्ण भारावर लीन मिश्रणाने भाजत राहतो.

तीन मार्ग

पहिला मार्ग कार्ब्युरेटरच्या पावलावर पाऊल टाकण्याचा. इंजेक्टर पोर्टपाशी न नेता थ्रॉटलच्या वरच्या अंगाला बसवायचे आणि पेट्रोल हवेबरोबर वाहू द्यायचे. सिलिंडरांमधली वाटणी मग जवळपास एसयू असतानाची राहते. नियंत्रण संगणकाचे, वाटप जुने. रोव्हरने मिनी गाडीसाठी हाच उपाय केला. मिनीच्या ‘ए-सीरीज’ इंजिनाची पोर्टरचना बी-सीरीजसारखीच आहे. १९९१ पासून मिनी कूपरला एकच इंजेक्टर असलेली प्रणाली देण्यात आली. या मार्गात अडचणी कमी, मात्र गार इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या भिंतींवर पेट्रोल जमण्याची जुनी खोड काही प्रमाणात राहते.

दुसरा मार्ग वेळ साधण्याचा. दोन पोर्टांना दोन इंजेक्टर द्यायचे आणि प्रत्येक सिलिंडरचे पेट्रोल त्या सिलिंडरच्या इनलेट स्ट्रोकमध्येच नेमके सोडायचे. रोव्हरने १९९६ ते २००० या काळातील शेवटच्या मिनींवर हे करून दाखविले. कागदावर सोपी वाटणारी ही गोष्ट गणितात कठीण होते. ५४०० फेऱ्यांवर १८० अंश म्हणजे फक्त ५.६ मिलिसेकंद. इंजेक्टरची सुई उघडण्यात त्यातला सुमारे एक मिलिसेकंद जातो. उरलेल्या साडेचार मिलिसेकंदांत ३३ मिलिग्रॅम पेट्रोल सोडायचे, तर इंजेक्टर मिनिटाला सुमारे ६०० घनसेंटीमीटरचा हवा. स्वतंत्र पोर्टच्या इंजिनात हेच काम २२ मिलिसेकंदांच्या पूर्ण चक्रातील ऐंशी टक्के वेळात पसरता येते आणि १६० घनसेंटीमीटरचा इंजेक्टर पुरतो. एवढा मोठा इंजेक्टर आयडलिंगला अडचणीचा ठरतो. तेव्हा पेट्रोल चौथ्या हिश्श्याइतकेच लागते आणि तोटी जेमतेम एक मिलिसेकंद उघडी राहते. इतक्या लहान मापात अचूकपणा टिकविणे अवघड.

शिवाय इनलेट व्हॉल्व्ह १८० अंशांपेक्षा अधिक काळ उघडे असतात. मधल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद होण्याआधीच कडेच्याचा उघडू लागतो. इंजेक्टरपासून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायलाही पेट्रोलला वेळ लागतो आणि गती वाढली की त्या वेळेत क्रँकशाफ्ट अधिक अंश फिरते. म्हणून फवारा केव्हा सोडायचा याचा वेगळा तक्ता गतीनुसार बनवावा लागतो. त्यासाठी क्रँकशाफ्टची खूण पुरत नाही. चक्राच्या दोन फेऱ्यांपैकी ही कोणती, हेही संगणकाला कळावे लागते. कॅमशाफ्टकडून चालणारा डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून त्याच्या जुन्या कवचातच ही खूण देणारा सेन्सर बसविण्याची सोय आहे. मेगास्क्वर्टसाठी अशा सामाईक पोर्टच्या इंजिनांकरिता हौशी मंडळींनी खास आज्ञावलीही लिहिल्या.

तिसरा मार्ग हेडच बदलण्याचा. इनलेट एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असलेले, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इनलेट पोर्ट देणारे ॲल्युमिनियमचे हेड बसविले की पेचच संपतो. मात्र खर्च मोठा आणि बॉनेटखालचे चित्र पार बदलून जाते.

दुसरा मार्ग निवडणाऱ्याला इंजिनाच्या रचनेची एक मदतही होते. कडेच्या सिलिंडरांचा धूर स्वतंत्र पोर्टांतून आणि मधल्या दोघांचा एकत्र बाहेर येतो. त्यामुळे एक रुंद पट्ट्याचा लॅम्डा सेन्सर कडेच्या नळीत आणि दुसरा मधल्या नळीत बसविला, तर आतले आणि बाहेरचे सिलिंडर यांच्यातील फरक थेट मोजता येतो. ट्यूनिंगच्या काळात तरी ही सोय केलेली बरी. स्पार्क प्लगांचा रंग तपासण्याची जुनी रीतही येथे उपयोगी पडते.

पेट्रोलचा दाब आणि आगीचा धोका

एमजीबीचा मूळ विजेचा पंप पेट्रोल ०.२ ते ०.२५ बार एवढ्याच दाबाने पुढे ढकलतो. पोर्ट इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात, म्हणजे बारा ते पंधरा पट. जुन्या नळीला बारीक चीर असेल तर कमी दाबाला पेट्रोल पाझरते; तीन बारला त्याचा फवारा उडतो. आणि या इंजिनात पेट्रोलची नळी तापलेल्या एक्झॉस्टच्या नेमकी वर असते.

म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदलणे भाग आहे. नवी नळी उच्च दाबाची आणि इथेनॉल सोसणारी हवी. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने मऊ पडते आणि भेगाळते. क्लिपाही कडा न रुतणाऱ्या, इंजेक्शनसाठीच्या असाव्या लागतात. एक्झॉस्टवरची पत्र्याची ढाल काढून टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरू शकते.

मूळ गाडीत पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी नाही. ती नव्याने ओढावी लागते. दाब नियंत्रक जादा पेट्रोल तिच्यातून परत पाठवितो. टाकीत पेट्रोल कमी असताना गाडी जोरात वळली की ते एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडा साठा असल्याने त्याला हे जाणवत नसे. इंजेक्शनला क्षणभराची हवाही चालत नाही, कारण त्या क्षणी मिश्रण लीन होते. त्यासाठी वाटेत एक छोटी राखीव टाकी ठेवतात. जुना पंप ती भरतो आणि नवा पंप तिच्यातून पेट्रोल घेतो. इंजिन फिरायचे थांबले की संगणकाने पंप बंद केला पाहिजे आणि अपघाताच्या धक्क्याने वीज तोडणारा स्विचही पंपाच्या तारेत असला पाहिजे.

वीज आणि इतर जोडण्या

१९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीमध्ये डायनॅमो होता आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजचे संगणक ऋण टोक सांगाड्याला जोडलेले आहे असे धरूनच बनतात. त्यामुळे अशा गाडीत आधी विजेची दिशा बदलावी लागते आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवावा लागतो, कारण आयडलिंगला डायनॅमो पंप आणि इंजेक्टरांचा भार पेलत नाही. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्यामधली जोडणारी तार गंजलेली असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळते आणि संगणक नेमका तेव्हाच बंद पडतो.

सेन्सरांच्या तारांचे अर्थिंग एकाच ठिकाणी, तेही इंजिनाच्या ब्लॉकवर असावे. स्पार्क प्लगच्या तारा रोधयुक्त हव्यात; जुन्या तांब्याच्या तारांतून उठणारा विद्युत गोंगाट क्रँकशाफ्टच्या खुणांमध्ये मिसळतो आणि इंजिन कारण नसताना मिसिंग करू लागते. बऱ्याच गाड्यांत क्रँककेसमधली वाफ कार्ब्युरेटरच्या बाजूला जोडलेल्या नळीतून ओढली जात असे. कार्ब्युरेटर गेले की ती वाट बंद होते. नवी न दिल्यास तेल गळू लागते.

ट्यूनिंग

भाग बसले म्हणजे काम संपले असे नाही. तक्त्यातील दाब आणि गतीच्या प्रत्येक जोडीला इंजिन किती हवा घेते, हे मोजून भरावे लागते. सामान्य तक्ता सोळा ओळी आणि सोळा रकान्यांचा, म्हणजे २५६ घरांचा असतो. त्यातली भाराची घरे गाडी डायनॅमोमीटरवर बांधून भरणे योग्य. रस्त्यावर हे करणे धोक्याचे, कारण चालकाचे लक्ष संगणकाच्या पडद्यावर असते.

गार इंजिनासाठी वेगळे माप द्यावे लागते. पोर्टची भिंत थंड असताना पेट्रोलचा बराच भाग तिच्यावर चिकटतो, वाफ होत नाही. तेवढे जास्त सोडावे लागते आणि पाणी तापेल तसे कमी करावे लागते. थ्रॉटल एकदम दाबला की हवा लगेच येते, पण पेट्रोल भिंतीवर अडते. त्या क्षणापुरती जादा मात्रा लागते. शर्यतीची कॅमशाफ्ट बसविलेली असेल तर मॅनिफोल्डमधला दाब आयडलिंगला इतका थरथरतो की त्यावर हिशेब करता येत नाही. अशा इंजिनात थ्रॉटलच्या स्थितीवरून पेट्रोल ठरविणे सोयीचे. हे सारे एका दिवसात उरकत नाही. थंड सकाळ, भर दुपार आणि घाट या तिन्हींत गाडी चालवून पाहिल्याशिवाय तक्ता पूर्ण होत नाही.

काय मिळते, काय जाते

ताकद खूप वाढेल या आशेने हे काम करणाऱ्याची निराशा होते. इंजिनात किती हवा शिरेल हे हेडचे पोर्ट, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट ठरवितात. पेट्रोल मोजण्याचे साधन नव्हे. चांगल्या स्थितीतला एसयू पूर्ण थ्रॉटलला आपले काम उत्तम करतो. लाभ होतो तो इतरत्र: थंडीत एका खेपेत चालू होणारे इंजिन, रहदारीत स्थिर आयडलिंग, कमी दाबावर काटकसर, स्वच्छ धूर, उंचीवर आपोआप होणारी जुळवणी आणि इथेनॉलचे प्रमाण बदलले तरी लॅम्डा सेन्सरच्या आधारे स्वतःला सावरणारे मिश्रण.

जाते ते मूळपण. जुन्या गाड्या जपणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिवा’ने, २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत ऐतिहासिक वाहनातील बदल शक्य तितके कमी आणि उलटवता येण्याजोगे असावेत, असा आग्रह आहे. भारतात हा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहनच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. अशा नोंदणीची इच्छा असणाऱ्याने पाना हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा केलेली बरी.

म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ काही पथ्ये पाळतात. सांगाड्याला नवे भोक पाडायचे नाही. जुन्याच छिद्रांचा आणि कंसांचा वापर करायचा. मूळ हेडला हात लावायचा नाही. इंजेक्टरची बैठक वेगळ्या मॅनिफोल्डमध्ये करायची. काढलेले कार्ब्युरेटर, सुया, चोकची तार, डिस्ट्रिब्युटर हे सारे तेल लावून, चिठ्ठी बांधून एका खोक्यात ठेवायचे. विजेच्या नव्या जोडण्यांचा नकाशा कागदावर काढून त्याच खोक्यात टाकायचा, कारण एसयू कोणीही जुना मेकॅनिक उघडून दुरुस्त करू शकतो, पण नकाशाविना इंजेक्शनची गाडी दुसऱ्याच्या हाती पडली तर ती एका तुटक्या तारेपायी वर्षभर उभी राहू शकते.

ॲम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. बी-सीरीजच्या जुन्या ॲम्बेसेडर जपणाऱ्यांनाही हेच पोर्ट, हाच फायरिंगचा क्रम आणि हेच पेट्रोल वाट्याला आले आहे. कार्ब्युरेटर नीट जुळवून, नळ्या बदलून आणि वीस टक्के मिश्रणासाठी पेट्रोलचे माप वाढवून भागत असेल, तर तोच मार्ग स्वस्त आणि सोपा. इंजेक्शनच हवे असेल, तर पहिला खर्च संगणकावर नव्हे, तर पेट्रोलच्या नळ्यांवर आणि कडेच्या सिलिंडरांचा धूर मोजणाऱ्या सेन्सरवर व्हायला हवा.